काळ्या टाकीतलं पाणी

तरणतलावावर बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीच्या छपरावर एक काळी टाकी आहे. दोनशे लिटरची, प्लॅस्टिकची, झाकणाला चीर गेलेली. तलावाच्या कुठल्याही नकाशात ती सापडणार नाही, कारण ती माझ्या बायकोने बसवली होती.

मी तिथला पंपवाला. पंप, गाळणी आणि क्लोरीन, यात माझी सव्वीस वर्षं गेली. बायको, तिथल्या सगळ्यांची ताई, बायकांच्या बाजूला कामाला होती. किल्ल्या द्यायच्या, फरशी पुसायची, आणि कुणी अंग न धुता पाण्यात उतरायला निघाली तर तिला मागे पाठवायचं. हे शेवटचं काम ती फार आनंदाने करायची.

दुपारी चारला नऊ बायकांची तुकडी येते. सगळ्या साठीच्या आसपासच्या. त्यांचं पोहणं थोडं, तरंगणं जास्त आणि बोलणं सगळ्यात जास्त. पाण्याबाहेर आल्या की तक्रार ठरलेली: क्लोरीन नाकाला झोंबतं. नळाचं पाणी गार, त्याने आणखी शिंका येतात. म्हणून बायकोने ही टाकी आणवली. सकाळी भरायची, चारपर्यंत उन्हाने पाणी कोमट व्हायचं, खालच्या बेसिनवर नऊजणी ओळीने ओंजळीत पाणी घेऊन नाकात ओढायच्या आणि शिंकरायच्या. ऐकणाऱ्याला वाटावं, नऊ गाड्या एकदम चालू होत नाहीयेत.

त्या गेल्या की उरलेलं पाणी बायको सोडून द्यायची, टाकी आतून घासायची आणि पालथी घालायची. रोज. घासायचं काम कधी माझ्याकडे आलं तर शिडीवर उभी राहून म्हणायची, "कोपरा राहिला."

"गोल टाकीला कोपरा कुठला?"

"कामचुकार माणसाला गोल टाकीतही कोपरा सापडतो. घासा."

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी तिने टाकी भरली, शिडी उतरली, पंपाच्या खोलीत येऊन माझ्यासमोर खुर्चीवर बसली आणि म्हणाली, जरा दम लागलाय. मी चहा ओतेपर्यंत ती गेलेली होती. कप भरलेला, टाकी भरलेली.

त्यानंतर मी ती टाकी रिकामी केली नाही. बायका अर्धी वापरायच्या, मी दुसऱ्या दिवशी वरून तेवढीच भरायचो. आत हिने भरलेलं पाणी आहे, असं मनाशी धरून होतो. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

आणि मला तिचा चष्माही सापडत नव्हता. त्याची डावी काडी मोडली होती. मी ती पाइपाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपने बांधून दिली होती. घर पालथं घातलं, पंपाची खोली पालथी घातली. नाही म्हणजे नाही.

सोमवारी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या बाई आल्या. वयाने माझ्या मुलीसारख्या, खांद्याला बाटल्यांची पेटी, आणि चालणं असं की दारानेच बाजूला व्हावं. लांबच्या एका तळ्यात पोहणारा माणूस दगावला होता, म्हणून सगळीकडची पोहायची ठिकाणं तपासत होत्या.

"कशाने गेला हो?" मी विचारलं.

"अमीबा. डोळ्यांना दिसत नाही एवढासा. कोमट गोड्या पाण्यात राहतो. तळं, साठलेलं पाणी, न धुतलेल्या टाक्या."

"पोटात जातो?"

"पोटात गेला तर काही करत नाही. नाकात पाणी वर चढलं तर तिथून मेंदूत जातो. फार क्वचित होतं, काका, पण झालं की सुटका कठीण. एकाचं दुसऱ्याला मात्र लागत नाही."

"आणि कळायचं कसं?"

"डोकं दुखतं, ताप, उलट्या, मान आखडते. पाणी नाकात गेल्यापासून साधारण बारा दिवसांच्या आत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चेहरा का पडला? तुमचा तलाव चकचकीत आहे. क्लोरीन नेमकं आहे. असं पाणी असेल तर तो जगत नाही."

मी छाती काढून उभा राहिलो. तेवढ्यात त्यांचं लक्ष बेसिनच्या नळाकडे आणि तिथून वर गेलेल्या पाइपाकडे गेलं.

"हा पाइप कुठे जातो?"

"वर एक छोटी टाकी आहे," मी म्हणालो. छोटी हा शब्द का घातला, देव जाणे.

बाई शिडी चढल्या. मी खाली शिडी धरून. त्यांनी झाकण उचललं, पाण्यात तापमापक सोडला, एका बाटलीत नमुना भरून घेतला, मग टाकीच्या आतून एक बोट फिरवलं आणि ते बोट उन्हात धरून पाहिलं.

"अडतीस अंश," वरूनच म्हणाल्या. "टाकी शेवटची कधी रिकामी केली?"

"रोज करतो."

"रोज."

"रोज."

"हे पाणी कुणी नाकात घेतं का?"

"नाही. हातपाय धुतात."

त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मी खाली सही केली. दोन वाक्यं खोटी, सही मात्र खरी. बाईंनी बोट फडक्याला पुसलं. बुळबुळीत थर काही एका रात्रीत चढत नाही, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही.

"नळ बंद ठेवा. टाकी रिकामी करू नका, गरज पडली तर परत नमुना लागेल. शुक्रवारी कळवते."

मी नळाला तार गुंडाळली आणि 'नळ बिघडला आहे' अशी पाटी लावली. तिसरं खोटं.

चारला बायकांनी कल्ला केला. त्यांच्यात एक निवृत्त परिचारिका आहे, तिला सगळ्या कर्नल म्हणतात. ती पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पंपवाले, अख्खा तलाव चालवता आणि एक नळ दुरुस्त होत नाही?"

"भाग मागवलाय."

"कुठून, चंद्रावरून? ताई असती तर केसातली पिन घालून चालू केला असता."

खरं होतं. मी हसून पंपाच्या खोलीत गेलो आणि बारा दिवस मागे मोजायला लागलो. नऊ बायका, बारा दिवस. बाई म्हणाल्या होत्या, फार क्वचित. ते 'फार' मी दिवसभर घट्ट धरून बसलो.

बुधवारी तुकडीत आठच डोकी तरंगत होती. नववी माझी मेहुणी. बायकोची धाकटी बहीण, तिला सगळे धाकटीच म्हणतात, छप्पन्न वर्षांची झाली तरी. घरी शिवणकाम करते. पाण्याला कधी खाडा नाही. बहीण गेली तेव्हासुद्धा तेराव्या दिवशी टोपी घालून हजर होती आणि तरंगता तरंगता रडली होती, म्हणाली, इथे कुणाला कळत नाही.

"धाकटी कुठे?" मी काठावरून विचारलं.

"डोकं दुखतंय म्हणाली," कर्नल म्हणाली. "सोमवारपासून."

माझ्या हातात पाण्यातली पानं काढायची लांब दांड्याची जाळी होती. ती पाण्यात पडली. मी ती तशीच सोडून निघालो. मागून कर्नल ओरडली, "अहो, हे पण बिघडलं का?"

धाकटीचं घर दोन गल्ल्या पलीकडे. ती शिवणयंत्रापुढे बसली होती, कपाळाला रुमाल बांधून. समोर कुणाच्या तरी पँटचा ढीग. मला पाहून तिने हात घाईने मांडीवरच्या कापडाखाली घातला.

"भावोजी! या वेळी? तलाव आटला का?"

"ताप आहे?"

"बसा तरी आधी."

"ताप आहे का?"

"नाही."

"उलट्या?"

"अजून नाही, पण तुमचे प्रश्न ऐकून होतील."

"मान खाली घाल बघू. हनुवटी छातीला लाव."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "भावोजी, मी काय बोहल्यावर उभी आहे?"

"लाव म्हणतो ना."

तिने लावली. मग वर पाहिलं. मग पुन्हा लावली, मला चिडवायला. मान छान वळत होती. मी तिथेच पँटच्या ढिगावर बसलो.

आणि मग सांगितलं सगळं. टाकी, पाणी, आठ महिने, बाईंचा कागद, माझी सही. सांगताना तिच्याकडे पाहिलं नाही, शिवणयंत्राच्या चाकाकडे पाहिलं.

तिने कपाळावरचा रुमाल आवळला.

"म्हणजे," ती म्हणाली, "आठ महिने आम्ही नऊ बायका शिळं पाणी नाकात ओढतोय."

"हो."

"ताईच्या नावाने."

"हो."

"ताईने ज्या गोष्टीसाठी तुम्हाला शिडीवरून ढकलून दिलं असतं, ती गोष्ट तुम्ही ताईच्या आठवणीसाठी केली."

ती उठली, मांडीवरचं कापड गुंडाळून पिशवीत कोंबलं, रुमाल सोडला, पायात चपला घातल्या. "चला दवाखान्यात. आणि रस्ताभर बोलू नका. मी मेले तर भूत होऊन पहिली तुमच्याच पंपात शिरेन."

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, पाण्यापासून नाकापर्यंत. ते ऐकून त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. ताप पाहिला, नव्हता. मान फिरवली, डोळ्यांत उजेड टाकला, हातपाय ताणायला लावले, बोटामागे नजर फिरवायला लावली.

"डोकं नेमकं कधी दुखतं?"

"काम करताना. झोपून उठलं की नसतं."

"शिवणकाम? चष्मा लावता?"

"लावते की."

"बघू."

धाकटी जागची हलेना. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "घरी विसरले."

"मावशी, पिशवीत दिसतोय."

तिने पिशवीतून चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. डावी काडी पांढऱ्या टेपने बांधलेली. टेपची ती गुंडाळी माझीच. शेवटचा वेढा मी नेहमी उलटा घेतो.

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांपुढे धरला. "हा तुमच्या नंबरचा नाही. किती दिवस वापरताय?"

"सोमवारपासून. माझा शनिवारी पायाखाली आला."

"आणि हा कुणाचा?"

तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मी बोललो. "तिच्या बहिणीचा."

मग ती सुटली. डॉक्टरांना नव्हे, मला सांगत होती. "ताई गेली त्या दिवशी तुमच्या पंपाच्या खोलीतल्या खिळ्यावर होता. घेतला. सांगणार होते. तुम्ही शोधत होता ते कळत होतं, पण मग परत द्यावा लागला असता. कपाटात ठेवला होता, भावोजी, शपथ. माझा फुटला म्हणून लावला. दिसत काही नव्हतं नीट. पण लावला की वाटायचं ताई काय बघायची ते बघतेय."

"आणि काय दिसलं?" मी विचारलं.

"सगळं वाकडं. तरीच ती तुम्हाला देखणे म्हणायची."

डॉक्टर हसले आणि लगेच तोंड गंभीर केलं. या चष्म्याने डोकं दुखणारच, म्हणाले, पण ते पाणी नाकात गेलंय, तेव्हा बारा दिवस पुरे होईपर्यंत मी निश्चिंत राहणार नाही. ताप आला, उलटी झाली, तर त्याच मिनिटाला या, आणि टाकीचं आठवणीने सांगा. बाकीच्या आठजणींनाही आजच सांगा. चष्मा आजपासून बंद.

आम्ही बाहेर आलो. तिने चष्मा माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, ठेव तुझ्याकडे, फक्त घालू नकोस. ती म्हणाली, तुम्ही पण पाणी ठेवा, फक्त आम्हाला पाजू नका. मग रस्त्यातच आम्हाला हसू आलं, दोघांनाही, आणि थांबेना. एक भाजीवाली आमच्याकडे बघून वजन करायची थांबली.

तिथून आम्ही तलावावर गेलो. बायका कपडे बदलून निघतच होत्या. मी पाटी काढली आणि त्यांना उभ्याने सगळं सांगितलं. अशा वेळी माणूस शिव्यांची तयारी करून जातो. शिव्या मिळाल्या. कर्नलने नऊजणींची नावं कागदावर लिहिली आणि रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीचा ताप घ्यायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. मग माझ्याकडे वळली.

"पंपवाले, दुःख तुम्हाला आहे ते आम्हाला कळतं. पण नाक आमचं होतं."

एवढंच म्हणाली. ते मला बाकी सगळ्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी मी प्रयोगशाळेत गेलो. बाई पांढऱ्या अंगरख्यात होत्या. मी म्हणालो, कागदावर दोन चुका आहेत, खोडायच्या आहेत. त्यांनी कागद काढून माझ्यापुढे ठेवला, पेन दिला, आणि विचारलं सुद्धा नाही कोणत्या. 'रोज' खोडून 'आठ महिने नाही' लिहिलं. 'नाही' खोडून 'नऊ जणी, रोज' लिहिलं.

"का नाही केली रिकामी?" त्यांनी विचारलं, रागाने नव्हे.

सांगितलं. त्यांनी कागदाच्या कडेला काही आकडे मांडले.

"काका, रोज अर्धी टाकी संपायची?"

"साधारण."

"आणि तुम्ही वरून भरायचा. म्हणजे पहिल्या दिवशी तुमच्या बायकोचं पाणी अर्धं राहिलं. दुसऱ्या दिवशी पाव. असं करत करत बाविसाव्या, तेविसाव्या दिवशी त्यातला एक थेंब उरला असेल. पुढे तोही नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "सात महिने तुम्ही नळाचं पाणी सांभाळताय."

मी पंपवाला आहे. इतक्या टाक्या भरल्या आणि सोडल्या, किती आत गेलं आणि किती बाहेर आलं हे मला झोपेत सांगता येतं. हे गणित मला येत नव्हतं असं नाही. मी ते केलं नव्हतं.

"तिने ऐकलं असतं तर म्हणाली असती," मी म्हणालो, "एवढं कळायला तुम्हाला आठ महिने लागले?"

"या, तुम्हाला एक दाखवते," बाई म्हणाल्या.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला दिला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एक फिकट डाग, कडा हलणारा. पुढे एक फुगा काढायचा, मग सगळं अंग त्या फुग्यात ओतायचं, मग थांबायचं. घाई नाही, दिशा नाही. माझ्यासारखाच.

"हा तुमच्या टाकीतला," बाई म्हणाल्या. "याच्या घराण्यात बरेच आहेत. बहुतेक निरुपद्रवी, एक वाईट. हा कोणता ते उद्या कळेल."

ती रात्र मी झोपलो का, हे विचारू नका. पहाटेपासून पंपाच्या खोलीत बसून होतो. साडेदहाला फोन वाजला.

"काका, निरुपद्रवी भाऊबंद आहे. वाईट नाही." आणि लगेच पुढे म्हणाल्या, "पण ऐका. जिथे हा राहतो तिथे तोही राहू शकला असता. तुमचं नशीब जोरावर होतं, टाकी नव्हती. आणि ते बारा दिवस पुरे होईपर्यंत ताप बघत राहा."

"टाकी रिकामी करू?"

"अजून केली नाही?"

"तुम्हीच नको म्हणालात."

"आता करा," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "आणि नाक धुवायचंच असेल तर घरून उकळून गार केलेलं पाणी आणा म्हणावं. नाहीतर नाकाचे चिमटे लावा."

मी चारपर्यंत थांबलो. एकट्याने करावंसं वाटलं नाही. बायका आल्या, नऊच्या नऊ. धाकटीने नवा चष्मा टोपीखाली अडकवला होता, पाण्यात उतरताना तो काढायला विसरू नये म्हणून कर्नल तिच्यामागे. फोनचं सांगितल्यावर शिवणाऱ्या, शिकवणाऱ्या, आज्या झालेल्या त्या बायका काठावर अशा नाचल्या की मला 'ओल्या फरशीवर पळू नये' ही पाटी दाखवावी लागली.

मग मी शिडी चढलो. खालच्या झडपेला हात घातला. एकदा वाटलं, थांबावं. खाली नऊ माना वर करून बघत होत्या, सगळ्या छान वळणाऱ्या.

झडप सोडली. पाणी छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून खालच्या कुंपणाच्या झुडपांत गेलं. हिरवट, कोमट, नळाचं पाणी. दोनशे लिटरला बारा मिनिटं लागली.

टाकी आडवी केली, बायकोचा लांब दांड्याचा ब्रश घेतला, क्लोरीनचं पाणी घेतलं आणि डोकं आत घालून घासायला लागलो. आत माझाच श्वास मोठा ऐकू येत होता. बुळबुळीत थर सालीसारखा निघत होता. एका ठिकाणी आत तिने खिळ्याने ओढलेली रेघ सापडली, पाणी कुठपर्यंत भरायचं त्याची. ती रेघ मी आठ महिन्यांत पाहिली नव्हती, कारण ती त्या थराखाली झाकली गेली होती. रोज तिच्यापेक्षा वीतभर जास्त भरत होतो मी.

मी घाम पुसायला डोकं बाहेर काढलं तर धाकटी अर्धी शिडी चढून आलेली. नाकाला चिमटा लावलेला. कर्नलने सगळ्यांसाठी आणले होते, त्यामुळे खाली आठजणी सर्दी झाल्यासारख्या बोलत होत्या. तिने आत वाकून पाहिलं. नवा चष्मा सावरला.

"भावोजी," ती नाकातून म्हणाली, "कोपरा राहिला."

"गोल टाकीला कोपरा कुठला?" मी म्हणालो, आणि डोकं परत आत घातलं.